केदारकंठ्यानंतर हर की दून आपलं आपण करायचं म्हणतोय, अव्हलांचची (बर्फ कोसळण्याची) भीती खरी का उगाच?

त्रिमूर्तीनगर_09

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण, सगळे नागपूरचेच, कॉलेजपासूनचे दोस्त. जानेवारीच्या शेवटी उत्तराखंडातला केदारकंठ्याचा ट्रेक ठरला आहे, ते एका ट्रेक कंपनीसोबत आहे म्हणून त्याचं टेन्शन नाही. पण आमच्यातल्या एकाच्या डोक्यात आलं की एवढ्या दूर पायथ्याच्या सांकरी गावापर्यंत जाऊनच राहिलो तर लगे हात हर की दूनही करून टाकू, अन् ते मात्र आपलं आपण, गाइड-बिइड न घेता. तो मागच्या ऑक्टोबरला तिथं जाऊन आला, त्याच्या फोनमधे पूर्ण जीपीएस ट्रॅक सेव्ह आहे. त्याचं म्हणणं असं की ही दरीतली वाट आहे, नदीच्या बाजूबाजूनं जायचं, शिखर नाही का पास नाही, तिथं कुठून येते अव्हलांच.

घरी सांगितलं तर बाबांनी माणा गावाजवळच्या अव्हलांचची बातमी मोबाईलवर काढून समोर धरली अन् म्हणाले, जा खुशाल, पण आधी हे वाच. आई दोन दिवसांपासून बोलतच नाही, डब्यात नुसती लवकीची भाजी येऊन राहिली.

तर विचारायचं असं की खरंच किती धोका असतो? यंदा तिकडे बर्फ कमी पडला म्हणतात, मग धोकाही कमीच असणार ना? बर्फात गाडलेल्याला शोधायचं ते बीकन का काय असतं ते भाड्यानं मिळते म्हणे, घ्यावं का? आणि बर्फ पाहून काही समजते का आपल्यासारख्याला, आपण तर बर्फ फक्त गोळ्यात पाह्यला. तिकीट झालेलं आहे, जायचं आणि यायचं दोन्ही, तारखा हलत नाही.

तर्री_पोहा

लवकीवर आलं म्हणजे प्रकरण सिरियस आहे भाऊ 😂

डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 वर गेला होता तर आमच्या गल्लीत लोकांनी टायर जाळले होते, अन् तुम्ही उणे दहामधे गाइडशिवाय जाऊन राहिले. मले बर्फातलं काही समजत नाही, पण बसलो आहे, जाणकार येऊ द्या.

वीकेंड_वाघ

उगाच घाबरवू नका रे पोराला. मी केदारकंठा दोनदा केला, ब्रह्मताल एकदा, तिन्ही वेळा भर हिवाळ्यात. काही होत नाही. हजारो पब्लिक जाते दर सीझनला, शाळेची पोरं जातात. हे बीकन-बिकन युरोपातल्या स्की करणाऱ्यांचे चोचले आहेत, आपल्याकडे भाड्याचा धंदा झालाय नुसता. चांगले बूट, त्यात बर्फ जाऊ नये म्हणून गेटर, बुटाखाली लावायचे दातेरी मायक्रोस्पाइक घ्या अन् निघा. हर की दून तर केदारकंठ्याहून खालीच आहे उंचीला, 3,566 मीटर. केदारकंठा 3,810. तुम्हीच हिशोब लावा.

बर्फातली_बाई

वाघोबा, केदारकंठ्याबद्दल तुमचं बरंचसं खरं आहे, हिशोब मात्र चुकला. सविस्तर लिहिते, लांब होईल, चहा घेऊन बसा. मी धंतोलीची, उत्तरकाशीला 28 दिवसांचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करून बरीच वर्षं झाली, त्यानंतर हिवाळ्यात जवळजवळ दरवर्षी जाते. एक्सपर्ट नाही, पण बर्फात खड्डे खूप खणले.

आधी केदारकंठा. नेहमीची वाट बरीचशी दाट जंगलातून अन् मग धारेवरून जाते. जंगल दाट असलं की बर्फाला खिळे ठोकल्यासारखं होते, धारेवर तर वरून काही यायला डोक्यावर उतारच नसतो. म्हणून तिथं पडणं, बोटं गारठणं, पहाटे शिखरावर गर्दीत अडकून अंग थंड पडणं, उतरताना गोठलेल्या वाटेवर घसरणं हे जास्त होते. तेही ताजा बर्फ पडल्यावर वाट सोडून बाजूच्या उघड्या उतारावर फोटोसाठी घुसले नाही तर.

आता हर की दून. उंची कमी म्हणून धोका कमी, असं नसते रे. अव्हलांच तुम्ही किती उंचावर उभे आहात ते पाहत नाही, तुमच्या डोक्यावर काय लटकून आहे त्यावर सगळं ठरते. दरीची वाट म्हणजे दोन्ही बाजूंनी डोंगर आणि मधून आपण, वरच्या नाळा, म्हणजे डोंगरातल्या घळी, सगळ्या खाली वाटेवरच उतरतात. तुझ्या बाबांनी दाखवलेली माणाची घटना नेमकी हीच आहे. 28 फेब्रुवारी 2025, रस्त्याच्या कामावरचे मजूर कंटेनरमधे होते, कोणी शिखर चढत नव्हतं. 54 जण गाडले गेले बर्फाखाली, 46 वाचले, 8 गेले. ते लोखंडी कंटेनर होते म्हणून आत हवा राहिली अन् इतके वाचले. तुमच्याजवळ काय राहणार आहे, दोन माणसांचा तंबू.

अन् तो ऑक्टोबरचा जीपीएस ट्रॅक. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. ऑक्टोबरची पायवाट डोंगराच्या कुशीतून आडवी जाते कारण तेव्हा ती सोपी पडते. जानेवारीत तीच पायवाट म्हणजे तिरप्या बर्फाला मधोमध आडवी कापणारी रेघ. स्क्रीनवर निळी लाइन बरोबर दिसते, माणूस तिच्यावर डोळे लावून चालते, मान वर करून पाहतच नाही. ज्यानं ऑक्टोबरला केलं त्याला वाट माहीत आहे असं वाटते. त्याला गवत माहीत आहे, बर्फ नाही.

बर्फ कमी म्हणजे धोका कमी, यात पुष्कळ लोक फसतात. जमीन असते शून्याच्या आसपास, बाहेरची हवा उणे पंधरा. बर्फाचा थर पातळ असला की एवढा मोठा फरक थोड्याशा जाडीत मावतो. ढोबळमानानं दर 10 सेंटीमीटरला 1 डिग्रीपेक्षा जास्त फरक पडला की खालची वाफ वर वर सरकते अन् जुन्या कणांचं रूप बदलून टाकते. मऊ चिकट बर्फाचे टोकदार, सुटे सुटे दाणे होतात. बर्फ जाड असला तर हाच फरक जाड थरात वाटला जातो अन् दाणे एकमेकांना धरून राहतात. म्हणजे सुरुवातीला थोडा बर्फ पडला, मग तीन आठवडे कडक ऊन अन् कडक थंडी, मग एका वेस्टर्न डिस्टर्बन्सनं, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या वादळानं, दोन फूट टाकला, तर ते सगळ्यात वाईट. वरून पांढरं शुभ्र, खाली रवा.

मी पहिल्यांदा हे हातानं पाहिलं तेव्हा समजलं. छातीएवढा खड्डा खणायला लावला होता, एक भिंत फावड्यानं गुळगुळीत केली. मग वरून खाली दाबत जायचं, आधी मूठ, मग चार बोटं, एक बोट, मग पेन्सिल, मग चाकू, कुठल्या थरात काय घुसते ते पाहायचं. वर मूठ जात होती, मधे एक बोट मुश्किलीनं, अन् जमिनीपासून वीतभर वर आल्यावर मूठ परत सरळ आत. हात बाहेर काढला तर भोकातून दाणे झरझर गळत होते, डब्यातून साखर सांडावी तसे, मुठीत धरले तर गोळाच होईना. त्या सुट्या दाण्यांवर तो सगळा वरचा थर बसलेला.

घरी वड्या थापल्या असतील कोणी तर त्यांना पटकन समजेल. ताटाला तूप जास्त लागलं अन् ताट जरा तिरपं धरलं की वड्या एकेक सुटत नाही, अख्खी थापी एकदम सरकते. स्लॅब अव्हलांच ती हीच. तुमचा पाय पडला, खालचा थर तुटला, ते तुटणं आजूबाजूला पळत जाते अन् तुमच्या वरच्या बाजूला भेग पडते. तुम्ही थापीच्या मधोमध. बहुतेक अपघातात ती सुटते ती सापडणाऱ्याच्या स्वतःच्या किंवा त्याच्याच ग्रुपमधल्या कोणाच्या वजनानं. लोकांना वाटते आवाजानं पडते, ओरडू नका म्हणतात, ते सिनेमातलं आहे.

काय पाहायचं विचारलंस ना. पाय ठेवल्यावर जमीन बसल्यासारखा धप्प असा आवाज आला, किंवा पायापासून बर्फात भेग पळत गेली, तर तो बर्फ स्वतःच तुला सांगून राहिला, तिथून मागे फिरायचं, चर्चा नाही. बाजूच्या तशाच उतारावर ताजी घसरण दिसली तर तेच. मागच्या 24 तासांत फूटभर पडला असेल, किंवा वारा सुटून एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला साचवून राहिला असेल, तर त्या साचलेल्या बाजूला जायचं नाही. एकदम गरमी झाली तरी. जंगलात चालताना मधेच सरळ वरून खाली झाडं नसलेला पट्टा दिसला, कडेच्या झाडांच्या वरच्या बाजूच्या फांद्या सोललेल्या, तर तिथून नेहमी काहीतरी खाली येते. तिथं डबा खायला बसायचं नाही.

खड्डा खणून सगळं कळते असंही समजू नको. तो त्या एका जागेचा असतो, पन्नास फुटांवर गोष्ट वेगळी.

त्रिमूर्तीनगर_09

ताई बापरे. ही वड्यांची गोष्ट आईला वाचून दाखवली तर पहिल्यांदा बोलली, म्हणे "ही बाई शहाणी आहे".

दोन शंका. एक म्हणजे उतार किती तिरपा असला की भ्यायचं? अन् दुसरं, वाघभाऊ म्हणतात तसं इतके लोक जातात अन् काही होत नाही, त्याचं काय?

कामठी_फौजी

बेटा, मी फौजेतून रिटायर्ड आहे, कामठीत राहतो, नोकरीतले तीन हिवाळे वरती काढले. उताराचं मी सांगतो.

30 ते 45 डिग्री. स्लॅब सुटते ती बहुतेक याच उतारावर, 38 च्या आसपास सगळ्यात जास्त. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ टिकतच नाही, थोडा थोडा गळून जातो. 25 च्या खाली सहसा सुटत नाही, पण वरून आलेली तिथपर्यंत पोहोचते, अन् पुढेही जाते, हे विसरायचं नाही. फोनमधे उतार मोजायचं ॲप असते, ते डाउनलोड कर अन् आधी घरचा जिना मोज. समजेल तुला. 30 डिग्री म्हणजे काही कडा नसतो, पोट्ट्यांना तो उतार मस्त वाटतो, घसरगुंडी खेळावीशी वाटते, तोच खातो.

आमच्याकडे नियम असे होते. बर्फ पडून गेल्यावर लगेच हालचाल नाही, थांबायचं. ऊन चढायच्या आत धोक्याचा नाला पार. नाला ओलांडायचा तर एकेकानं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची, गप्पा नाही. रकसॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा अन् काठीची दोरी मनगटातून काढून ठेवायची, नाहीतर ते वजन खाली ओढते. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत बंद. जुन्या काळी कमरेला लांब लाल दोरी बांधून मागे सोडायचे, माणूस गाडला गेला तरी दोरीचा एखादा तुकडा वर राहील म्हणून. कधी राहायचा, कधी नाही.

इतके लोक जातात त्याचं उत्तर असं की आम्हीही तोच नाला वीस वेळा पार केला होता, काही झालं नव्हतं. एकविसाव्या वेळेस सकाळी थोडा उशीर झाला होता, एवढंच. जास्त लिहीत नाही. शिकलेले तयार लोकही अव्हलांचमधे सापडतात. 8 फेब्रुवारी 2010 ला गुलमर्गजवळ खिलनमर्गला 17 जवानांचा जीव गेला, बर्फातलं युद्धच शिकायला गेलेले. 2022 च्या 4 ऑक्टोबरला द्रौपदी का डांडा-2 या शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेची टीम अव्हलांचमधे सापडली, 27 मृतदेह मिळाले, दोघांचा पत्ताच नाही. त्यात सविता कंसवाल होती, त्याच वर्षी मे महिन्यात 16 दिवसांत एव्हरेस्ट अन् मकालू केलेली. जानेवारी नव्हता तो, ऑक्टोबर होता.

वीकेंड_वाघ

काकांपुढे काय बोलणार. बरं, उंचीचा हिशोब मागे घेतो. पण बीकनवर मी अजून ठाम आहे, एक दिवस हातात घेऊन कोणी शिकत नाही ते, गळ्यात ताईत बांधल्यासारखं होते. उलट ते आहे म्हणून पोट्टे नको तिथे घुसतात.

बर्फातली_बाई

यावर मात्र शंभर टक्के सहमत 🙂 म्हणूनच सांगते ते नीट समजून घ्या, ताईत नाही ते.

बीकन 457 किलोहर्ट्झवर सिग्नल पाठवतं, कुठल्याही कंपनीचं असलं तरी एकमेकांना सापडतं. पण ते फक्त साधारण जागा दाखवते. नक्की कुठं ते समजायला लांब सळई लागते, प्रोब, अन् बाहेर काढायला फावडं. तिन्ही प्रत्येकाजवळ, नाहीतर एकही नको. फावडं नसेल तर हातानं उकरणं विसरा. अव्हलांच थांबली की तो बर्फ सिमेंटसारखा बसतो, एक घनमीटर काढायचा म्हणजे तीन-चारशे किलो उपसायचा. खणायचं तेही डोक्यावरून सरळ खाली नाही, उताराच्या खालच्या बाजूनं आत घुसायचं. अन् मोबाईल बीकनला चिकटून ठेवायचा नाही, चालताना वीतभर तरी दूर, शोधताना तर बंदच केलेला बरा, सिग्नल बिघडतो.

हे सगळं किती वेळात? पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले दहातले नऊ वाचतात. अर्धा तास उलटला की तीनातला एक. म्हणजे हेलिकॉप्टर, एसडीआरएफचं सरकारी बचाव पथक, गावातले लोक, हे सगळे येईपर्यंत खेळ संपलेला असतो, वाचवणारे फक्त सोबतचे चार जण. तुमच्या पाचांपैकी कोणी कधी घड्याळ लावून शोधायचा सराव केला आहे का? फुटाळ्याच्या बाजूला रेतीत बॅग पुरून तरी? नसेल तर भाड्याचे पैसे वाचवा अन् त्या उताराखाली जाऊच नका. तेच स्वस्त पडते.

सियाचीनमधे सोनम चौकीवर 3 फेब्रुवारी 2016 ला दहा जण गाडले गेले, लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत निघाले. ते लोकांना लक्षात राहते अन् वाटते सहा दिवस निघतात. काढल्यावर तीनच दिवसांत तेही गेले, 11 फेब्रुवारीला, अन् बाकीचे नऊ तर निघालेच नाही जिवंत.

अजून एक, रोज संध्याकाळी बुलेटिन पाहायची सवय लावा. डीजीआरई म्हणून डीआरडीओची चंदीगडची संस्था आहे, आधी मनालीची सासे नावाची संस्था होती, 2020 ला दोन संस्था एकत्र करून ही केली. ते जिल्हावार अन् उंचीवार अव्हलांचचा इशारा देतात, 1 ते 5 लेव्हल. 4 अन् 5 ला लोक घरी बसतात. जगभरात पुष्कळ मरतात ते 3 ला, कारण 3 म्हणजे मधलं, मधलं म्हणजे ठीकच आहे असं वाटते. तिथं 3 म्हणजे एका माणसाच्या वजनानंही सुटू शकते असा अर्थ आहे. अन् जिल्ह्याचा इशारा म्हणजे तुमच्या नाळेचा नाही, तेवढं डोकं स्वतःचं लावावं लागते.

तर्री_पोहा

मी तर उगाच मस्करी करायला आलो होतो, आता माझंच पोट गोळा झालं. एक सांगा, या भाऊनं तिकिटाचं लिहिलं ना, तारखा हलत नाही म्हणून. मले तर तेच भैताडासारखं वाटून राहिलं सगळ्यात जास्त.

कामठी_फौजी

बरोबर पकडलं पोह्यानं. बेटा, साठ दिवस आधी उघडलं बुकिंग, तू काढलं तिकीट, आता दिल्लीहून गाडी ठरल्या तारखेला सुटणार. सांकरीहून डेहराडून दिवसभराचा रस्ता, बर्फ पडला तर तोही बंद. दोन दिवस वादळ राहिलं अन् तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं की तुमचा दोस्त म्हणणार, चला आजच निघू, नाहीतर गाडी चुकते. अन् वादळानंतरचा पहिला लख्ख दिवस हाच सगळ्यात वाईट, बर्फ बसायला वेळच मिळाला नसतो. आकाश निळं असते, फोटो मस्त येतात.

मधे दोन दिवस रिकामे ठेव. परतीचं तिकीट कॅन्सल होईल असं ठेव, गेले हजार-पाचशे तर जाऊ दे. कंपनीला फोन करून विचार की किती बर्फ पडला तर तुम्ही मागे फिरता अन् ते कोण ठरवते. नीट उत्तर दिलं तर चांगली आहे. "सर टेन्शन मत लो" म्हणाली तर टेन्शन घे.

त्रिमूर्तीनगर_09

अपडेट द्यायला उशीर झाला, ऑफिसमधे मार्च एंडसारखं चालू आहे आतापासूनच.

जिना मोजला. फोन काठीला रबरबँडनं बांधून पायऱ्यांवर आडवा ठेवला, 33 आला. विश्वासच बसला नाही, रोज दिवसातून दहा वेळा चढतो उतरतो त्याच्यावर, तो अव्हलांचचा उतार. मग टेरेसवर जाऊन शेजारच्या टिनाच्या छपरावर ठेवला तर 18. ते जिन्याहून उभं वाटायचं मला. म्हणजे डोळ्यानं अंदाज लावणं आपल्याला जमत नाही हे पक्कं झालं. आई खालून ओरडली की छपरावर काय करून राहिला, तर म्हटलं बर्फ मोजून राहिलो.

कंपनीला फोन केला. त्या मुलीनं सांगितलं की ताजा बर्फ पडल्यावर शिखराच्या सकाळी लीडर धारेच्या खालीच थांबवू शकतो अन् पैसे परत नाही. पैसे परत नाही हे आधीच सरळ सांगितलं तर बरं वाटलं उलट. केदारकंठा राहिला, हर की दून पाचातल्या चौघांनी काढून टाकलं, काकांनी सांगितलेल्या त्या रिकाम्या दोन दिवसांत सांकरीत झोपा काढायच्या अन् राजमा-भात खायचा असं ठरलं. परतीचं तिकीट पुढं ढकललं तर आता वेटिंग 14 आहे, पाहू.

पाचवा तोच, ट्रॅकवाला. तो म्हणते तिथं गेल्यावर पाहू. ट्रॅक काही त्यानं डिलीट केला नाही अजून. काका, त्याला तुमचा नंबर दिला तर चालेल का, की इथंच बोलाल त्याच्याशी?

कामठी_फौजी

नंबर नको इथं टाकायला. रविवारी सकाळी घेऊन ये त्याला, मेसेज कर, पत्ता सांगतो. अन् तो फोन घेऊनच ये म्हणा, ट्रॅक पाहू दोघं मिळून, कुठं कुठं नाळा येतात ते मी दाखवतो त्याला.

बर्फातली_बाई

मीही येते. लवकी सोडून काहीही चालेल.